अमेरिकेतले शेतमजूर, व्हिसा आणि 'लेबर मिळत नाही' : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला राहून मला अकरा वर्षं झाली. शेती माझी नाही, पण एका पॅकिंग शेडचे हिशोब बघतो त्यामुळे मजुरांच्या भानगडी रोज कानावर येतात. मागच्या ऑगस्टमध्ये निफाडचे मामा आले होते, स्वतःची चार एकर द्राक्षबाग असलेला माणूस, त्यांनी तीन आठवड्यांत जेवढे प्रश्न विचारले तेवढे मला ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूतसुद्धा कोणी विचारले नव्हते. नंतर तेच प्रश्न गावाकडून, मित्रांकडून येत राहिले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

अमेरिकेत सगळं मशीनवर होतं ना? मग मजूर लागतातच कशाला?

मका, सोयाबीन, गहू यांचं होतं. आयोवात बापलेक दोघं कंबाईन घेऊन शेकडो एकर काढतात. पण स्ट्रॉबेरी, लेट्यूस, पीच, खायची द्राक्षं, सफरचंद, शतावरी हे सगळं आजही हातानेच. कॅलिफोर्नियातच सलिनासला लेट्यूस कापतात, थंडीत तेच काम ॲरिझोनातल्या युमाला सरकतं, फ्लोरिडात इमोकलीला टोमॅटो, वॉशिंग्टन राज्यात याकिमाला सफरचंदं. एकूण शेतीखर्चात मजुरी साधारण दहा-बारा टक्केच दिसते पण फळबागवाल्याकडे जा, तिथे तो आकडा चाळीसच्या आसपास जातो.

मामांना मी फ्रेस्नोच्या दक्षिणेला बेदाण्याची तोडणी दाखवायला नेलं. इथे बेदाणा आपल्यासारखा शेडवर जाळीवर नाही सुकवत, वेलींच्या दोन ओळींमधल्या मातीवर कागदाचे ट्रे अंथरतात आणि घड त्यावर पसरून उन्हात सोडून देतात. तोडणारा अर्धा वाकून वेलीखाली शिरतो, हातात छोटा वाकडा चाकू, घड टबात पाडायचे, टब भरला की कागदावर ओतून हाताने सारखे करायचे, की पुढचा कागद. पैसे ट्रेवर, म्हणजे उक्तं. पारा चाळिशीच्या वर, वेलीखाली धूळ, गांधीलमाश्या, आणि डोळे सोडून सगळं तोंड फडक्याने बांधलेलं. मामा दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे पेठ-सुरगाण्याची माणसं येतात तीही अशीच तोंड बांधून असतात."

हे मजूर कोण असतात?

बहुतेक मेक्सिकोचे. त्यातले कितीतरी तिथल्या वाहाका राज्यातले मिश्तेक आदिवासी, ज्यांना स्पॅनिशसुद्धा नीट येत नाही, घरची भाषा वेगळीच. सरकारच्याच सर्व्हेप्रमाणे पिकांवर काम करणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांकडे कामाचे कागद नाहीत (यात व्हिसावर आलेले मोजतच नाहीत, ते वेगळे). पण हे काल-परवा बॉर्डर ओलांडून आलेले पोरं नाहीत हं. सरासरी वय चाळिशीच्या घरात, पंधरा-वीस वर्षं इथेच, मुलं इथे जन्मलेली म्हणजे अमेरिकन नागरिक, आणि बाप मात्र पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलतो. खरी अडचण इथेच आहे, हे लोक म्हातारे होत चालले आणि मागून नवीन येत नाहीत. मेक्सिकोच्या खेड्यातसुद्धा आता घरात दोन मुलं असतात आणि ती शाळेत जातात.

कागद नाहीत तर नोकरी मिळते कशी?

मलाही पहिल्या वर्षी हेच कळायचं नाही. १९८६ च्या कायद्याप्रमाणे नोकरी देताना आय-नाईन नावाचा फॉर्म भरावा लागतो, मजूर दोन कार्डं दाखवतो, आणि मालकाने फक्त एवढं बघायचं की कार्ड वरवर खरं वाटतंय की नाही. जास्त खोदून विचारलं तर भेदभावाची केस होऊ शकते. त्यामुळे मालक म्हणतो मी बघितलं, मजूर म्हणतो मी दाखवलं, आणि दोघांनाही माहीत असतं. दुसऱ्याच्या किंवा खोट्या नंबरवर पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे दर आठवड्याला कापले जातात, त्याची पेन्शन या माणसाला कधीही मिळणार नाही. पगारपत्रकात ती कपातीची ओळ बघताना मला अजून कसंतरी होतं.

गोरे-काळे अमेरिकन लोक का करत नाहीत हे काम? आळशी आहेत का?

आळशी म्हणणं सोपं आहे. काम सिझनचं, सहा आठवडे इथे मग तीनशे मैल लांब, राहायची सोय नाही, विमा नाही, ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे तो का येईल?

पण प्रयोग झालेत. १९६५ मध्ये सरकारने शाळकरी खेळाडू पोरांना शेतावर पाठवायची योजना काढली, फुटबॉल-बेसबॉल खेळणारी धडधाकट मुलं, हजारोंनी नावं दिली, प्रत्यक्षात गेली थोडी, आणि गेलेल्यांतली कितीतरी खरबुजाच्या शेतातल्या उन्हाला आणि राहण्या-खाण्याच्या हालाला कंटाळून संप करून किंवा सोडून परत आली. योजना एका उन्हाळ्यात संपली. २०११ मध्ये जॉर्जिया राज्याने कडक कायदा केला, मजूर पळाले, मग प्रोबेशनवरच्या गुन्हेगारांना काकडी तोडायला पाठवलं, त्यातले काही दुपारीच निघून गेले. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स म्हणाल्या की मेडिकेडवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेवर, ३ कोटी ४० लाख धडधाकट लोक आहेत, ते आहेत ना कामाला. इथल्या शेतकऱ्यांना त्या दिवशी हसावं का रडावं कळेना.

मग मजुरी वाढवा की. माणसं आपोआप येतील.

हा प्रश्न मला पटतो आणि शेतकरी मित्रांना अजिबात आवडत नाही. मजुरी वाढलीच आहे, पण इथे एक गाठ आहे. घाऊक खरेदी करणारी चेन मालाचा भाव ठरवते, आणि शेजारी मेक्सिकोतून तोच टोमॅटो, तीच स्ट्रॉबेरी कमी मजुरीत पिकून ट्रकने येते. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या ताज्या फळांपैकी निम्म्याहून जास्त आज बाहेरचीच आहेत. तेव्हा शेतकरी एका मर्यादेपलीकडे मजुरी वाढवत नाही, झाडं उपटून बदाम लावतो, कारण बदाम मशीनने झाड हलवून पाडता येतो. फ्रेस्नोच्या आजूबाजूला द्राक्षं जाऊन बदाम आल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि उलटंही बघा. १९६४ मध्ये सरकारने मेक्सिकन मजुरांची योजना बंद केली तेव्हा सांगितलं होतं की आता अमेरिकन मजुरांची मजुरी वाढेल. अर्थतज्ज्ञांनी नंतर जुने आकडे काढून तपासलं, तर तसा काही खास फरक दिसला नाही. टोमॅटोवाल्यांनी मशीन घेतलं. केचपचा टोमॅटो मुद्दाम जाड सालीचा, एकदम पिकणारा असा तयार केला गेला, डेव्हिसच्या विद्यापीठात, मशीनला झेपावा म्हणून.

ती कुठली योजना?

ब्रासेरो. १९४२ मध्ये युद्धामुळे माणसं कमी पडली म्हणून मेक्सिकोशी करार केला, तो चालला १९६४ पर्यंत, ४५ लाखांच्या वर कॉन्ट्रॅक्ट झाली. कागदावर सगळं छान, घर, जेवण, किमान मजुरी. प्रत्यक्षात अंगावर डीडीटीची पावडर मारून आत घ्यायचे. सुरुवातीच्या वर्षांत पगारातून १० टक्के बचत म्हणून कापायचे आणि मेक्सिकोतल्या बँकेत पाठवायचे, ती बचत हजारो लोकांना कधी मिळालीच नाही, त्यांची म्हातारी मुलं-नातवंडं २००० नंतरही त्यासाठी भांडत होती. तेव्हाचं एक अवजार होतं, हातभर दांड्याचं खुरपं, एल कोर्तितो म्हणायचे, दिवसभर कंबरेतून दुमडून राहायचं. उभा माणूस दिसला म्हणजे काम थांबलं हे मुकादमाला लांबूनच कळतं, म्हणून ते सोयीचं! कॅलिफोर्नियात त्यावर १९७५ मध्ये बंदी आली.

सीझर चावेझ म्हणजे तोच द्राक्षवाला ना?

हो, शेतमजुरांच्या युनियनचे नेते, पण द्राक्षबागांतला तो गाजलेला संप त्यांनी सुरू केला नव्हता. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिलेनोच्या द्राक्षबागांत पहिल्यांदा काम बंद केलं ते फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिआँग त्यांचा नेता. चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना आठवड्याभराने सामील झाली. पाच वर्षं चाललं, लोकांनी देशभर द्राक्षं खायची सोडली, १९७० मध्ये मालकांनी सह्या केल्या. युनियनची गरज का पडली तर १९३५ चा युनियनचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, दोन्हींतून शेतमजूर मुद्दाम वगळले होते. ओव्हरटाइम तर केंद्राच्या कायद्यात आजही नाही, कॅलिफोर्नियाने स्वतःपुरता केलाय. आणि आताच्या वादात गंमत अशी की संप मोडायला मालक कागद नसलेली माणसं आणायचे म्हणून चावेझ स्वतः त्यांच्या विरोधात होते. हे दोन्ही बाजूचे लोक सोयीप्रमाणे विसरतात.

एच-२ए व्हिसा काय आहे?

शेतीच्या हंगामी कामाचा व्हिसा. १९८६ पासून या नावाने आहे. वीस वर्षांपूर्वी वर्षाला पन्नास हजाराच्या आसपास जागा मंजूर व्हायच्या, २०२४ मध्ये तो आकडा ३ लाख ८० हजारांच्या पुढे गेला. याला वरची मर्यादा नाही, पाहिजे तेवढे आणा. मग शेतकरी रडतो का? कारण मालकाने आधी जाहिरात देऊन अमेरिकन माणूस मिळत नाही हे दाखवायचं, मजुराला फुकट घर, येण्या-जाण्याचं भाडं, कॉन्ट्रॅक्टच्या तासांपैकी तीन चतुर्थांश कामाची हमी, आणि वर सरकारने ठरवलेला राज्यवार दर. केंद्राची किमान मजुरी २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलीय, पण २०२५ च्या सुरुवातीला एच-२एचा दर मिसिसिपीत १४.८३ आणि कॅलिफोर्नियात १९.९७ डॉलर होता. वीस एकरवाल्याला हे झेपत नाही. एक तर फॉर्म भरायला वकील किंवा एजंट, दुसरं म्हणजे घर कुठून आणणार, मोटेलच्या खोल्या घ्यायच्या तर तपासणी. म्हणून कॉन्ट्रॅक्टर मधे येतो, तो पन्नास-शंभर माणसं आणतो आणि शेतकऱ्याला टोळी पुरवतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने दर काढायची पद्धतच बदलली, दर खाली आले, आणि फुकट घराच्या बदल्यात मजुरी आणखी कमी धरायची मुभा दिली. शेतकरी संघटना खुश, मजुरांची युनियन कोर्टात. आणि त्याच नियमाच्या मजकुरात कामगार खात्याने स्वतःच लिहिलंय की कागद नसलेली माणसं यायची जवळजवळ बंद झाल्यामुळे मजूर कमी पडतील आणि अन्नाचे भाव चढू शकतात. एक सरकारी हात धरपकड करतो, दुसरा त्याचे परिणाम लिहून ठेवतो.

मजुराला मात्र हा व्हिसा चांगलाच असेल?

घरी पैसे पाठवायला चांगला. पण व्हिसा एकाच मालकाला बांधलेला. मालक आवडला नाही तर दुसरीकडे जायचं म्हणजे नव्या मालकाने पुन्हा अर्ज करायचा, मधल्या काळात राहायचं कुठे, खायचं काय. म्हणून माणूस गप्प बसतो. बायकामुलं कायद्याने आणता येतात पण त्यांना काम करता येत नाही, म्हणून कोणी आणत नाही. आणि वीस वर्षं दर सिझनला आला तरी त्याचं ग्रीन कार्ड होत नाही, आमच्यासारखे आयटीवाले किंवा अकाउंट्सवाले निदान लाइनीत तरी असतात.

दूधवाल्यांचं काय? गाईला तर सिझन नसतो.

बरोबर पकडलंत. व्हिसा फक्त हंगामी कामाला, आणि गाय रोज दोन-तीनदा पिळावी लागते, म्हणून विस्कॉन्सिनच्या गोठ्यांना एच-२ए मिळतच नाही. तिथले बरेचसे मजूर परदेशी आहेत, कसे ते विचारू नका. मेंढ्यांना मात्र सवलत आहे, पश्चिमेकडच्या डोंगरात महिनोन्‌महिने मेंढ्या राखायला पेरू देशातून लोक आणतात, त्यांच्यासाठी वेगळे नियम. आपल्या धनगरांना कोणी सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

हे आपल्या ऊसतोडीसारखंच झालं की.

मामाही हेच म्हणाले. टोळी, मुकादम, उक्तं काम, पालावरचं जगणं, सगळं ओळखीचं. फरक एवढा की बीडचा मजूर साखर कारखान्याला निघतो तेव्हा मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडेपर्यंत अडकतो, इथे मेक्सिकोतला माणूस यादीत नाव यावं म्हणून स्वतःच गावच्या सावकाराकडून कर्ज काढून एजंटला देतो. कायद्याने मजुराकडून एक पैसाही घेता येत नाही. तरी घेतात. २०२१ मध्ये जॉर्जियात सरकारने २४ लोकांवर मोठी केस केली, आरोप असा की त्यांनी एच-२एवर माणसं आणून त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, बंदुकीच्या धाकाखाली नुसत्या हातांनी कांदा उपटायला लावला, बादलीला २० सेंट, दोन जण मेले. कांद्याला ज्या गावाचं नाव आहे त्या गोड विडेलिया कांद्याचा हा भाग. तेव्हापासून दुकानात तो कांदा दिसला की माझा हात जरा थांबतो, मग घेतो, खोटं कशाला बोलू.

चांगलं उदाहरणही आहे. इमोकलीच्या टोमॅटो मजुरांनी शेतकऱ्याशी भांडायचं सोडून थेट बर्गर-टाको विकणाऱ्या कंपन्यांना धरलं, पाउंडामागे एक सेंट जास्त द्या आणि आमच्या अटी पाळणाऱ्याकडूनच घ्या. चार वर्षांच्या बहिष्कारानंतर २००५ मध्ये पहिली कंपनी वाकली, मग बाकीच्या. तिथे एका बादलीत ३२ पाउंड टोमॅटो बसतो, म्हणजे साधारण साडेचौदा किलो, आणि पूर्वी मुकादम बादली शिगोशीग भरल्याशिवाय मोजायचा नाही. आता किती भरायची तेही ठरलेलं आहे. मला विचाराल तर वॉशिंग्टनच्या सगळ्या भाषणांपेक्षा ती सपाट बादली मोठी सुधारणा.

पूर्वी एकदा सगळ्यांना माफी दिली होती ना?

हो, कागद नसलेल्यांना, राष्ट्राध्यक्ष रेगनने, नोव्हेंबर १९८६. शेतमजुरांसाठी त्यात खास खिडकी होती, आधीच्या वर्षात ९० दिवस शेतात काम केल्याचं दाखवा आणि कागद घ्या. दहा-अकरा लाख लोकांना मिळाले. त्यात बनावट दाखलेही खूप आले, आणि कागद हातात पडल्यावर बरेच जण काही वर्षांत शेत सोडून बांधकामात, हॉटेलात गेले. त्यांचं काय चुकलं म्हणा. पण तेव्हापासून एक बाजू म्हणते पुन्हा माफी नको, पुन्हा तेच होईल.

मग नवीन कायदा का होत नाही?

झाला असता, दोन-तीनदा अगदी दारात येऊन गेला. २०१३ मध्ये सिनेटने, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, मोठं बिल ६८ विरुद्ध ३२ मतांनी पास केलं, हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, मतालाच घेतलं नाही. मग फक्त शेतीपुरतं बिल आलं, डेमोक्रॅट झोई लॉफग्रेन आणि रिपब्लिकन डॅन न्यूहाउस यांचं, न्यूहाउस स्वतः याकिमाकडचे शेतकरी. त्यात देवाणघेवाण स्पष्ट होती. मागच्या दोन वर्षांत १८० दिवस शेतात काम केलेल्याला कायदेशीर दर्जा, आणखी काही वर्षं शेतातच राबला आणि दंड भरला तर ग्रीन कार्ड. दूधवाल्यांना बारमाही व्हिसा. बदल्यात शेतकऱ्यांना ई-व्हेरिफाय, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरवर तपासणं, सक्तीचं. हाउसमध्ये २०१९ मध्ये पास, मार्च २०२१ मध्ये पुन्हा पास, २४७ विरुद्ध १७४. सिनेटमध्ये दोन्ही वेळा अडकलं. २०२२ च्या डिसेंबरात सिनेटर मायकेल बेनेट यांनी शेवटच्या घटकेला प्रयत्न केला, तोही गेला. मोठ्या शेतकरी संघटनेला एक अट नको होती, मजुरांना मालकावर केंद्राच्या कोर्टात केस करायचा हक्क.

२०२५ मध्ये धाडी पडल्या त्याचं काय झालं?

जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा काउंटीच्या स्ट्रॉबेरीच्या भागात कागद नसलेल्यांना पकडायला धाडी पडल्या. मग राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं की आपले शेतकरी आणि हॉटेलवाले सांगतायत की त्यांची जुनी चांगली माणसं जातायत, शेतावरच्या धाडी थांबल्या, आणि चार-पाच दिवसांत पुन्हा सुरू. १० जुलैला कॅमारिलोजवळ गांजाच्या ग्रीनहाऊसवर मोठी धाड, तीनशेच्या वर लोक पकडले, एक मजूर छपरावरून पडून मेला. आमच्या शेडवर कोणी आलं नाही, पण त्या आठवड्यात सकाळच्या शिफ्टला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पीच ऐन भरात होता आणि पीच थांबत नाही, झाडावर पिकला की तीन-चार दिवस. सुपरवायझर बाई फोन लावत बसलेल्या आणि पलीकडून कोणी उचलत नव्हतं.

रोबो येणार म्हणतात.

तण काढायला लेझरचं यंत्र आलंय, ते भारी आहे. स्ट्रॉबेरी तोडणारा रोबो मी दहा वर्षं "पुढच्या वर्षी येणार" असं ऐकतोय.

तुमच्या मते काय व्हायला पाहिजे?

जे इथे वीस वर्षं राबतायत त्यांना आधी कागद द्या, आणि व्हिसावर येणाऱ्याला मालक बदलायची मोकळीक द्या. मग कळेल खरी टंचाई किती आहे. कारण मला शंका आहे की 'लेबर मिळत नाही' यात 'या दरात, या अटींवर, तोंड न उघडणारं लेबर मिळत नाही' हा भाग बराच आहे. शेतकरी मित्र वाचून चिडतील, चिडू देत, त्यांच्यातले निम्मे खासगीत हेच बोलतात.

आपल्याकडून जाता येईल का या व्हिसावर? गावात एक जण दहा लाख मागतोय.

देऊ नका. पूर्वी कुठल्या देशांतून माणसं आणायची याची यादी असायची आणि त्यात भारत नव्हता, जानेवारी २०२५ पासून ती यादीची भानगड काढून टाकली, आणि एजंट लोक नेमकं तेवढंच अर्धं वाक्य दाखवतात. पण विमानाचं भाडं मालकाला द्यावं लागतं, मग मेक्सिकोहून बसने माणूस येत असताना निफाडहून कोण कशाला आणेल? दहातले नऊ मेक्सिकोचेच असतात. अर्ज मालक करतो, मजूर नाही, आणि मजुराकडून भरतीची फी घेणंच बेकायदा आहे, म्हणजे तो माणूस पैसे मागतोय एवढ्यावरूनच समजून जा. त्याला अमेरिकेतल्या मालकाचं नाव आणि कामगार खात्याने मंजूर केलेल्या जॉब ऑर्डरचा नंबर विचारा, त्या ऑर्डर सरकारच्या सीझनल जॉब्सच्या साइटवर कोणालाही फुकट बघता येतात. मामांच्या शेजारच्या पोराने विचारलं होतं. त्या एजंटने मग फोन उचलला नाही.